वाचकांचे प्रश्न : औष्णिक अवस्था आणि त्यांचे तोतये

गेल्या अंकातील क्वांटम संगणकावरील लेखात ओघात एक वाक्य आले होते : दोन क्वांटम अवस्था गणिताच्या दृष्टीने जवळजवळ पूर्णपणे भिन्न असूनही कोणत्याही व्यवहार्य यंत्राला त्या एकसारख्याच वाटू शकतात, आणि औष्णिक अवस्थांच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या लेखावर आली नाहीत. वाक्याचा उत्तरार्ध मी घाईने लिहिला होता, हे पत्रे वाचताना माझ्याच लक्षात आले. त्याची दुरुस्ती तिसऱ्या उत्तरात केली आहे.

प्रश्न : दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे विधान मला वदतोव्याघातासारखे वाटते. ज्या फरकाचा मागमूसही लागत नाही, तो फरक आहे असे भौतिकशास्त्राने का म्हणावे? (एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा)

फरक मुळीच ओळखता येत नसेल तर तो मानू नये, हे आपले म्हणणे रास्त आहे, आणि भौतिकशास्त्रही तेच मानते. मात्र लेखात ‘व्यवहार्य’ असा शब्द होता, आणि हा सगळा विषय त्या एका विशेषणात सामावलेला आहे.

क्वांटम अवस्थेविषयी आपल्याला जे काही सांगता येते ते ‘डेन्सिटी मॅट्रिक्स’ नावाच्या सारणीत मांडतात. ही कल्पना १९२७ मध्ये लँडाऊ आणि व्हॉन नॉयमन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. औष्णिक अवस्था ही अशाच सारणीचा एक विशिष्ट प्रकार आहे : ज्या ऊर्जा-पातळीची ऊर्जा जितकी जास्त, तितकी ती पातळी व्यापलेली असण्याची संभाव्यता घातांकी वेगाने कमी, आणि हा उतार किती तीव्र असावा हे तापमान ठरवते. आता असा खेळ कल्पा की कोणीतरी नाणे उडवून दोनपैकी एक अवस्था तयार केली आणि तिची एकच प्रत आपल्या हाती दिली. कोणती ते आपण ओळखायचे. डोळे मिटून उत्तर दिले तरी शंभरात पन्नास वेळा बरोबर येईल. त्याहून अधिक किती, हे कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेमके काढून दाखवले. दोन सारण्यांमधील ‘ट्रेस अंतर’ नावाची एक संख्या असते, शून्य ते एक या मर्यादेत. या संख्येचा निम्मा भाग एवढीच पन्नास टक्क्यांवरची कमाई. अंतर शून्य असेल तर अंदाजापलीकडे काहीच मिळत नाही, आणि अंतर एक असेल तर एका प्रतीवरून दर वेळी अचूक उत्तर देता येते. म्हणजे ‘भिन्न’ या शब्दाची व्याख्याच ओळखण्याच्या खेळातून आली आहे. वदतोव्याघात येथे नाही. अडचण एवढीच की हेल्स्ट्रॉम यांच्या सूत्रात मापन करणाऱ्याला वेळेचे बंधन नाही. सर्वोत्तम मापन कोणते ते सूत्र सांगते, पण ते करायला एक सेकंद लागेल की विश्वाच्या वयाहून अधिक काळ, याची दखलही ते घेत नाही.

एक सोपे उदाहरण जवळून पाहू, कारण त्यात वेळेची अडचण नाही आणि म्हणून पुढची अडचण निराळी कशी ते कळते. अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) पदार्थाचे क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, ज्या शीतकपाटात ठेवतात ते उलट्या टांगलेल्या झुंबरासारखे दिसते आणि त्याच्या तळाशी तापमान केल्व्हिनच्या पन्नासाव्या भागाच्या, म्हणजे २० मिलिकेल्व्हिनच्या आसपास असते. (पुण्यातील डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी २०२४ मध्ये ज्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली तोही याच जातीचा.) क्युबिटची वारंवारता ५ गिगाहर्ट्झ धरली, तर २० मिलिकेल्व्हिनला तो उत्तेजित सापडण्याची शक्यता दहा लाखात सहाच्या आसपास येते. प्रत्यक्षात क्युबिट शीतकपाटाइतका थंड नसतो. समजा, त्याचे खरे तापमान ५० मिलिकेल्व्हिन आहे की ६०, हे आपल्याला ठरवायचे आहे. पहिल्या बाबतीत उत्तेजित सापडण्याची शक्यता सुमारे ०.८२ टक्के, दुसऱ्यात सुमारे १.८ टक्के. एकाच मापनावर निर्णय द्यायचा तर हेल्स्ट्रॉम यांचे सूत्र सांगते की आपण शंभरात जेमतेम साडेपन्नास वेळा बरोबर याल. पण हजार वेळा मापन केले तर एका तापमानाला सरासरी ८ वेळा आणि दुसऱ्याला १८ वेळा क्युबिट उत्तेजित सापडेल, आणि काही हजार मापनांनंतर शंकेला जागा उरणार नाही. एका प्रतीला दोन अवस्था जवळजवळ सारख्या होत्या. पुष्कळ प्रतींना त्या सहज वेगळ्या झाल्या.

प्रश्न : मग प्रत्येक वेळी पुष्कळ प्रती घेऊन पुष्कळ मापने करावीत. यात ‘जटिलता’, म्हणजे प्रश्न सोडवायला लागणाऱ्या संगणनाची किंमत, येते कोठून? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, पुणे)

एका क्युबिटच्या बाबतीत कोठूनच येत नाही. ५० क्युबिट एकत्र आले की संभाव्य निकालांची संख्या दोनाचा ५० वा घात, म्हणजे सुमारे ११२६ लाख कोटी होते, आणि दोन अवस्थांमधला फरक या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात अशा तऱ्हेने पसरलेला असू शकतो की एकेका क्युबिटकडे, दोन-दोन क्युबिटांकडे किंवा दहा-दहांच्या गटांकडे पाहिले तर काहीच दिसू नये. सगळ्यांकडे एकदम पाहणारे मापन अस्तित्वात असते. ते कसे करायचे हे मात्र शोधून काढावे लागते, आणि शोधण्याची रीत सोपी असेल याची हमी कोणी दिलेली नाही.

येथे एक भेद फार महत्त्वाचा आहे. दोन ‘शुद्ध’ अवस्था, म्हणजे ज्यांत संभाव्यतेची सरमिसळ नाही अशा, तयार करण्याच्या दोन कृती तुम्हाला दिल्या, कृती म्हणजे क्युबिटांवर कोणत्या क्रमाने कोणत्या मूलभूत क्रिया (‘क्वांटम गेट’) करायच्या याची यादी, तर त्या अवस्था जवळच्या की दूरच्या हे क्वांटम संगणक सहज सांगतो. एका कृतीने अवस्था बनवायची आणि दुसरी कृती उलट्या क्रमाने चालवायची; सगळे क्युबिट परत शून्यावर आले तर दोन्ही एकच. कणीक मळून झाली की पीठ आणि पाणी वेगळे करता येत नाही, पण शुद्ध क्वांटम अवस्थेच्या बाबतीत कृती उलटी चालवता येते. आता कृतीच्या शेवटी एक पायरी वाढवा : काही क्युबिट फेकून द्यायचे आणि उरलेलेच पुढे द्यायचे. हाती जे उरते ते ‘मिश्र’ अवस्थेत असते, आणि कृती उलटी चालवायला आवश्यक असलेला अर्धा ऐवज फेकलेल्या क्युबिटांसोबत गेलेला असतो. अशा दोन कृती देऊन ‘यांतून निघणाऱ्या मिश्र अवस्था एकमेकींच्या जवळ आहेत की दूर?’ असे विचारले की प्रश्नाची जातच बदलते. २००२ मध्ये जॉन वॉट्रस यांनी दाखवले की हा प्रश्न ‘क्वांटम सांख्यिकीय शून्य-ज्ञान’ नावाच्या संपूर्ण वर्गाचा प्रतिनिधी आहे : हा सुटला तर त्या वर्गातले सगळेच प्रश्न सुटतात. साध्या, क्वांटम नसलेल्या संभाव्यतांसाठी तसाच निष्कर्ष अमित सहाई आणि सलिल वधान यांनी १९९७ मध्ये काढला होता.

या वर्गाचे नाव जितके बोजड आहे तितकी त्यामागची कल्पना नाही. बाजारात एक आंबेवाला छातीठोकपणे म्हणतो की देवगडचा हापूस आणि कर्नाटकातला हापूस मी डोळे मिटून, वासावरून ओळखतो. तुम्हाला स्वतःला त्यांतला फरक मुळीच कळत नाही. तरीही त्याचे म्हणणे तपासणे तुमच्या हातात आहे : दोन्ही पेट्या तुमच्याजवळ, तुम्ही पाठ फिरवून नाणे उडवता, त्याप्रमाणे एक आंबा त्याच्या नाकाखाली धरता, आणि तो उत्तर देतो. ओळीने वीस वेळा तो बरोबर आला, तर केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता दहा लाखात एकाहूनही कमी. तो खरे बोलतो हे तुम्हाला पटले, आणि तरीही ओळखायचे कसे याविषयी तुमच्या ज्ञानात तसूभर भर पडली नाही. वॉट्रस यांच्या प्रश्नात आंब्यांच्या जागी मिश्र अवस्था आहेत आणि आंबेवाल्याच्या जागी अमर्याद संगणनशक्ती असलेला एक काल्पनिक जाणकार. असा जाणकार असेल तर दोन अवस्थांचे वेगळेपण पडताळता येते. जाणकार नसेल तर ते स्वतः शोधणे अवघड, असे या क्षेत्रातले बहुतेक लोक मानतात.

आणि येथेच औष्णिक अवस्थेशी नाते जुळते. कपातला चहा, बाटलीतला वायू किंवा शीतकपाटातला क्युबिट औष्णिक अवस्थेत येतो तो भोवतालाशी देवाणघेवाण करून. भोवतालासह सगळ्यांची मिळून अवस्था शुद्ध असली तरी भोवताल आपण हिशेबातून वगळतो आणि उरलेल्या भागाला तापमान चिकटवतो. काही क्युबिट फेकून दिलेली कृती आणि भोवताल विसरून पाहिलेला वायू, या दोहोंचा सांगाडा एकच आहे. जटिलतेचा प्रश्न आणि उष्णतेचा प्रश्न एकाच पत्रात विचारावेसे वाटतात याचे मला हेच कारण दिसते.

प्रश्न : तापमान जितके जास्त तितका गोंधळ जास्त, म्हणून अवस्था ओळखणे तितके अवघड, असा अर्थ घ्यावा का? (एक वाचक, मडगाव)

नाही, आणि दुरुस्ती करायची होती ती हीच. एका पदार्थाचे ऊर्जेचे नियम, म्हणजे त्याचा हॅमिल्टोनियन, माहीत असेल तर दोन तापमानांतला फरक ओळखायला ऊर्जा मोजणे पुरते. वरचे क्युबिटचे उदाहरण त्याच प्रकारचे होते. हॅमिल्टोनियन माहीत नसला तरी, त्यातील प्रत्येक पद जवळच्या मोजक्या कणांनाच जोडणारे असेल, तर औष्णिक अवस्थेच्या बहुपदी संख्येने (म्हणजे प्रणालीच्या आकारासोबत घातांकी वेगाने न भडकणाऱ्या) प्रती घेऊन तो बहुपदी वेळात शिकता येतो, आणि तेही कोणत्याही स्थिर तापमानाला, असे बक्षी, लिऊ, मोइत्रा आणि टँग यांनी अलीकडेच सिद्ध केले. याच चौघांनी २०२४ मध्ये आणखी दाखवले की एका ठरावीक तापमानाच्या वर अशा अवस्थेत क्वांटम एंटँगलमेंट, म्हणजे कणांना एकमेकांत गुंतवणारे क्वांटम नाते, अजिबात उरत नाही. एकेकट्या क्युबिटांच्या साध्या अवस्थांचे ते केवळ संभाव्यतेने केलेले मिश्रण असते. इतक्या वरच्या तापमानाला गोंधळ आहे, पण तो प्रामाणिक गोंधळ आहे.

अवघड टोक थंडीचे आहे. तापमान शून्याकडे नेले की औष्णिक अवस्था किमान ऊर्जेच्या अवस्थेला चिकटते, आणि किमान ऊर्जा काढणे हा प्रश्न सर्वसाधारणपणे क्वांटम संगणकालाही झेपणारा नाही, असे मानण्याला अलेक्सेई किताएव यांच्या १९९९ च्या कामापासून भक्कम आधार आहे. क्वांटम बाजूला ठेवली तरी ‘स्पिन ग्लास’च्या, म्हणजे ज्याचे सूक्ष्म चुंबक अव्यवस्थित दिशांत गोठतात अशा पदार्थाच्या, त्रिमितीय प्रारूपात किमान ऊर्जा शोधणे हा ‘एनपी-कठीण’, म्हणजे वेगवान रीत नसावी असे मानला जाणारा, प्रश्न असल्याचे बाराहोना यांनी १९८२ मध्ये दाखवले होते. असा पदार्थ थंड करत गेले तर तो स्वतःच समतोलाला पोहोचत नाही, वाटेतल्या खळग्यात अडकून राहतो. जे निसर्गाला जमत नाही ते संगणकालाही जमू नये, यात मला काही विपरीत वाटत नाही.

तेव्हा गेल्या अंकातले वाक्य असे वाचावे : एका खऱ्या औष्णिक अवस्थेपासून दुसरी खरी औष्णिक अवस्था ओळखणे बहुधा जमते, अवघड आहे ते खऱ्या औष्णिक अवस्थेपासून तिचा तोतया ओळखणे. पानिपतानंतर निघालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने भल्याभल्यांना घोळात घेतले होते ते याच कारणाने की बाहेरून तपासता येणाऱ्या खुणा जुळत असल्यासारख्या वाटत होत्या.

प्रश्न : असा तोतया निसर्गात कोठे सापडतो की तो फक्त गणितज्ञांच्या कागदावर असतो? (भौतिकशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, नाशिक)

मोठ्या प्रणालीची जवळजवळ कोणतीही शुद्ध अवस्था उचलली तरी ती तोतया निघते, असे उत्तर कदाचित आपल्याला अतिशयोक्त वाटेल, पण ते खरे आहे. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये यदृच्छेने निवडलेल्या शुद्ध अवस्थेच्या छोट्या भागाची सरासरी एंट्रॉपी, म्हणजे गोंधळाचे माप, किती असते याचा अंदाज मांडला, आणि २००६ मध्ये पोपेस्कू, शॉर्ट व विंटर यांनी, तसेच गोल्डस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हीच गोष्ट ऊर्जेच्या मर्यादेसह मांडून तिला सांख्यिकी भौतिकशास्त्राच्या पायाशी नेऊन ठेवले. सोपे रूप घेऊ. १०० क्युबिटांची एक यदृच्छ शुद्ध अवस्था घ्या आणि त्यांतल्या कोणत्याही १० क्युबिटांकडे पाहा. ते १० क्युबिट अनंत तापमानाच्या औष्णिक अवस्थेत, म्हणजे संपूर्ण समसमान मिश्रणात, असल्यासारखे दिसतील. दोहोंमधले अंतर सरासरीने एक लाख कोटीत एक भागाहूनही कमी भरते, आणि ते आकडेवारीतून दिसावे यासाठी त्या लाख कोटीच्या वर्गाइतकी मापने करावी लागतील. उलट सगळ्या १०० क्युबिटांचा एकत्र विचार केला तर शुद्ध अवस्था आणि समसमान मिश्रण यांच्यातले अंतर जवळजवळ एक, म्हणजे जितके असू शकते तितके पूर्ण! भिन्नता शंभर टक्के आहे. ती कोणत्याही दहाजणांच्या साक्षीत नाही, सगळ्यांच्या एकत्रित साक्षीत आहे.

येथे एक युक्ती सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण लोकप्रिय लेखांत ती हमखास गाळली जाते आणि मग वाचकाचा समज होतो की तोतयापुढे सगळे उपाय थकले. त्याच शुद्ध अवस्थेच्या दोन तंतोतंत प्रती मिळाल्या, तर ‘स्वॅप चाचणी’ लावता येते. एक सहायक क्युबिट घेऊन, तो शून्य असेल तर दोन प्रती जशाच्या तशा ठेवायच्या आणि एक असेल तर त्यांची अदलाबदल करायची, अशा दोन शक्यता एकाच वेळी चालवतात आणि शेवटी तो सहायक क्युबिट तपासतात. दोन्ही प्रती एकाच शुद्ध अवस्थेच्या असतील तर अदलाबदलीने काहीच बदलत नाही आणि चाचणी दर वेळी उत्तीर्ण होते. समसमान मिश्रण मात्र साधारण अर्ध्याच वेळा उत्तीर्ण होते. दहा वेळा चाचणी केली तर दहाही वेळा निभावून जाण्याची त्याची शक्यता १०२४ मध्ये १. विशेष म्हणजे अवस्था कोणती आहे हे जाणून घेण्याची गरजही पडली नाही. त्यामुळे तोतयाचे यश दोन परिस्थितींत टिकते. पहिली, तंतोतंत दुसरी प्रत मिळतच नाही. खोलीतल्या हवेची नेमकी तीच सूक्ष्म अवस्था पुन्हा कोण बनवून देणार? दुसरी परिस्थिती अधिक खोल आहे : तोतया स्वतः शुद्ध नसतो, बराचसा मिश्र असतो. १०० क्युबिटांच्या दोन अवस्था घ्या. एकीची एंट्रॉपी पूर्ण १०० बिट, दुसरीची त्याच्या निम्मी, ५० बिट, पण ही ५० बिटांची बचत शंभर क्युबिटांत नीट विस्कटून लपवलेली. आता स्वॅप चाचणी पहिल्या अवस्थेत एक-द्वितीयांशाहून किंचित जास्त वेळा उत्तीर्ण होते, दुसऱ्यातही एक-द्वितीयांशाहून किंचित जास्त वेळा, आणि या दोन ‘किंचितां’मधला फरक दोनाच्या ५० व्या घाताने भागल्याइतका क्षुद्र. चाचणीचा उपयोग संपला.

एंट्रॉपी ही तर औष्णिक शास्त्रातली रोजची राशी! तरीही दोन कृती देऊन त्यांतून निघणाऱ्या अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेची एंट्रॉपी जास्त हे विचारणे, वॉट्रस यांच्या प्रश्नाइतकेच अवघड आहे, असे बेन-अरोया, श्वार्ट्झ आणि ता-श्मा यांनी सिद्ध केले आहे. वाफेच्या इंजिनाच्या हिशेबातून जन्मलेली राशी मोजणे आणि शून्य-ज्ञान सिद्धता उलगडणे ही एकच अडचण निघाली, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

प्रश्न : कृष्णविवरातून निघणाऱ्या हॉकिंग प्रारणाचा या चर्चेशी संबंध आहे असे वाचले. तो कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवले की कृष्णविवर तापलेल्या वस्तूसारखे प्रारण सोडते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान केल्व्हिनच्या एक कोट्यंशापेक्षाही कमी असते आणि ते पूर्ण आटायला सुमारे १० च्या ६७ व्या घाताइतकी वर्षे लागतात. (सध्या विश्वातील पार्श्वप्रारण २.७ केल्व्हिनचे असल्याने असे कृष्णविवर आटण्याऐवजी वाढतच आहे, पण ते असो.) हॉकिंग यांच्या गणिताप्रमाणे हे प्रारण औष्णिक आहे, क्वांटम यामिकी मात्र सांगते की शुद्ध अवस्थेपासून सुरुवात झाली असेल तर शेवटी सगळे प्रारण मिळून शुद्धच असले पाहिजे. म्हणजे हॉकिंग प्रारण हा आपल्या अर्थाने तोतया असण्याची दाट शक्यता आहे : तुकड्या-तुकड्याने पाहिल्यास औष्णिक, एकत्र पाहिल्यास नाही.

२०१२ मध्ये आल्महेरी, मॅरोल्फ, पोल्चिन्स्की आणि सली या चौघांनी यातून पेच उभा केला. अर्ध्याहून जास्त आटलेल्या कृष्णविवरातून आज निघणारा कण, पूर्वी निघून गेलेल्या प्रारणाशी पूर्ण एंटँगल असला पाहिजे. पण क्षितिजाजवळची, म्हणजे जिच्या आत गेलेले परत येत नाही त्या सीमेजवळची, जागा रिकामी आणि गुळगुळीत असायची तर तोच कण क्षितिजाच्या आतल्या जोडीदाराशीही पूर्ण एंटँगल हवा. एकाच कणाला अशी दोन पूर्ण नाती क्वांटम यामिकी मान्य करत नाही. निरीक्षकाने आधी पूर्वीच्या प्रारणातून त्या नात्याचा पुरावा काढून घेतला आणि मग कृष्णविवरात उडी मारली तर त्याला विसंगती प्रत्यक्ष दिसेल, असा तो युक्तिवाद होता.

२०१३ मध्ये डॅनियल हार्लो आणि पॅट्रिक हेडन यांनी ‘पुरावा काढून घेतला’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांवर बोट ठेवले. तो पुरावा औष्णिक दिसणाऱ्या प्रारणात विस्कटलेला आहे, आणि तो बाहेर काढणे म्हणजे मघाच्या जातीचाच प्रश्न सोडवणे; त्याला लागणारा वेळ कृष्णविवराच्या एंट्रॉपीच्या घातांकी प्रमाणात वाढतो असे मानण्यास सबळ कारणे आहेत. सूर्याइतक्या कृष्णविवराची एंट्रॉपी सुमारे १० चा ७७ वा घात आहे. ही संख्या घातांक म्हणून घेतली तर जो काळ येतो त्यापुढे १० च्या ६७ व्या घाताइतकी वर्षे हा निमिषमात्र वेळ ठरतो. निरीक्षकाचे गणित पुरे होण्याच्या कितीतरी आधी उडी मारायला कृष्णविवरच उरलेले नसेल. यामुळे पेच सुटला असे मी म्हणणार नाही. ‘कोणालाच पाहता येणार नाही’ आणि ‘विसंगती नाही’ ही दोन विधाने माझ्या मते एक नव्हेत, आणि या क्षेत्रातही त्यावर एकमत नाही. पण संगणनाची किंमत हा भौतिक युक्तिवादाचा भाग होऊ शकतो, हे त्या शोधनिबंधानंतर गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

प्रश्न : आपण वारंवार ‘मानले जाते’ असे लिहिता. ही अवघडता सिद्ध झाली आहे की नाही? आणि तिचा काही उपयोग आहे का? (एक संगणक व्यावसायिक, ठाणे)

निरपवाद सिद्धता नाही, आणि ती नजीकच्या काळात मिळेल असे दिसत नाही. तशी सिद्धता मिळाली तर संगणनशास्त्रातले अनेक जुने, प्रसिद्ध प्रश्न तिच्यासोबत सुटतील. जे सिद्ध आहे ते मर्यादित स्वरूपात. एक बंद पेटी आहे. तिच्यात आकडा टाकला की आकडा बाहेर येतो. एका प्रकारच्या पेटीत प्रत्येक उत्तर एकदाच येते, दुसऱ्या प्रकारच्या पेटीत प्रत्येक उत्तर बरोबर दोनदा. पेटी कोणती? संभाव्यतांच्या भाषेत हे दोन दूर असलेल्या वितरणांना ओळखणेच आहे. आत टाकण्याजोगे आकडे दोनाच्या ६० व्या घाताइतके असतील, तर साध्या संगणकाला सुमारे १०७ कोटी वेळा पेटी वापरावी लागते. ब्रासार, होयर आणि टॅप यांची १९९७ ची क्वांटम रीत तेच काम सुमारे साडेदहा लाख वेळांत करते. याहून लक्षणीय कमी वेळांत ते होणार नाही, हे स्कॉट ॲरनसन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या आणि याओयुन शी यांनी पुढे नेलेल्या कामाने पक्के केले. म्हणजे पेटी उघडून आतली यंत्रणा न पाहता केवळ वापरायची असेल, तर क्वांटम संगणकाकडेही जादू नाही. पेटीच्या आतली कृती समोर असताना कोणी हुशारीने तीतून वाट काढील का, हा प्रश्न खुला आहे.

उपयोग गुप्तलेखनात आहे, आणि तो आपल्या व्यवसायाच्या जवळचा आहे. दोन पक्षांना दुरून ‘बंद पाकिटाचा’ व्यवहार करायचा असतो : एकाने शून्य किंवा एक लिहून पाकीट द्यायचे, दुसऱ्याला ते वेळेआधी उघडता येऊ नये, आणि पहिल्याला आतला आकडा नंतर बदलता येऊ नये. केवळ क्वांटम यामिकीच्या नियमांवर असे पाकीट बनत नाही, हे मेयर्स यांनी आणि लो व चाऊ या जोडीने १९९७ मध्ये दाखवले. कारण असे : पाकिटातल्या दोन अवस्था दुसऱ्या पक्षाला खरोखर एकसारख्या असतील, तर पहिल्याच्या हाती राहिलेल्या क्युबिटांवर एक क्रिया अशी असतेच की जिने आतला शून्य एक होतो. म्हणून पाकिटातल्या अवस्था गणिताने भिन्न असाव्या लागतात, म्हणजे आकडा बदलता येत नाही. आणि व्यवहारात ओळखता येऊ नयेत, म्हणजे पाकीट उघडता येत नाही. ब्राकर्स्की, कॅनेटी आणि चियान यांनी २०२२ मध्ये नेमक्या अशाच जोडीला नाव दिले आणि दाखवले की सहज बनवता येणाऱ्या, एकमेकींपासून दूर असलेल्या, तरीही कोणत्याही वेगवान क्वांटम यंत्राला न ओळखता येणाऱ्या अवस्थांची एक जोडी अस्तित्वात असणे आणि असे पाकीट अस्तित्वात असणे या समतुल्य गोष्टी आहेत. आज बँका व संकेतस्थळे वापरतात ती कुलुपे मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासारख्या विशिष्ट गणिती प्रश्नांवर उभी आहेत. विल्यम क्रेटश्मर यांच्या २०२१ च्या निष्कर्षाने, पुन्हा बंद पेटीच्या मर्यादेत, असे सुचवले आहे की ती सगळी कुलुपे कोसळली तरी यदृच्छ असल्याचे सोंग आणणाऱ्या क्वांटम अवस्था शिल्लक राहू शकतात, आणि पाकीट बनवायला तेवढ्या पुरतात.